नॉर्वेत शेतावर कामाला लागायच्या आधी एकटीनं फिरायचंय, रूट सुचवा

रावपुरा_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, एमएस युनिव्हर्सिटीतून बॉटनी केलंय आणि या उन्हाळ्यात नॉर्वेत स्ट्रॉबेरीच्या शेतावर सीझनचं काम मिळालंय, परमिट पण आलंय (हो खरंच आलंय, सगळ्या नातेवाइकांनी एकेकदा येऊन पासपोर्ट हातात घेऊन बघून झालाय). शेत वाल्डालला आहे, पश्चिमेकडे, गैरांगर फ्योर्डच्या (डोंगरांत खोल घुसलेली समुद्राची खाडी) जवळपास. काम जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला चालू होईल, फळ कधी पिकतं त्यावर आहे असं मालकीणबाई म्हणतात, त्यामुळे मी जूनच्या सुरुवातीलाच जायचं म्हणतेय आणि मधल्या दिवसांत देश बघायचा.

आता माझी यादी ऐका: ऑस्लो, बर्गन, फ्लोमची ती ट्रेन, ट्रोलटुंगा आणि प्रेइकेस्टोलेन (हे दोन कड्यांचे ट्रेक), उत्तरेची लोफोटेन बेटं, जमलं तर पार उत्तरेचं नॉर्थ केप टोक. आई म्हणते एवढं तर लोक काशीयात्रेत पण करत नाहीत. बाबांचा प्रश्न एकच, एकटी मुलगी रात्री तंबूत कशी झोपणार. माझा प्रश्न पैशांचा आहे, कारण पहिला पगार हातात यायला जुलै उजाडणार आणि तोपर्यंत जे काही आहे ते शिकवण्या घेऊन साठवलेलं. तंबू आहे, स्लीपिंग बॅग आहे, पावागड बऱ्याचदा चढलेय, बर्फ मात्र फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय. शाकाहारी आहे, अंडं चालतं. काय ठेवू काय काढू सांगा प्लीज. आणि आधी कुठली कागदपत्रं करायला लागतात का तेही, कारण मालकीणबाईंच्या ईमेलमध्ये टॅक्स कार्ड, पोलीस असे शब्द आलेत आणि ते वाचून बाबांचा बीपी वर गेलाय.

शेवउसळ_तिखट

स्ट्रॉबेरी तोडायला नॉर्वे? महाबळेश्वर जवळ नव्हतं का 😄 बाकी अभिनंदन, येताना गोऱ्या लोकांना शेव-उसळ खायला घालून ये, तिखट तर्रीसकट, मग बघू कोण व्हायकिंग आहे ते.

वाडीची_लेक_ऑस्लोत

अगं आधी कागद, मग फिरणं. मी लग्नानंतर इथेच आहे, त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी भारतातून आलेलं याच गोंधळात दिसतं.

परमिटवर आलेल्या माणसानं नॉर्वेत पोचल्यावर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे अपॉइंटमेंट बुक करायची असते, रेसिडन्स कार्डासाठी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्याकडे आधार काढताना होतं तेच. पण स्लॉट उन्हाळ्यात लवकर संपतात, म्हणून बडोद्यातूनच मालकीणबाईंना लिही की कुठल्या ऑफिसला जायचंय ते ठरवून तारीख घेऊन ठेवा. ती तारीख हातात आली की त्याच्या आजूबाजूला प्रवास बसव, उलटं करू नकोस.

दुसरं टॅक्स कार्ड, पगारातून किती कर कापायचा ते त्यावर ठरतं. हे नसेल तर मालकाला तुझ्या पगारातून सरळ ५० टक्के कापावे लागतात, त्याची मर्जी नाही, नियमच आहे तसा. कार्डासाठी टॅक्स ऑफिसात जाऊन पासपोर्ट दाखवून ओळख पटवायची असते आणि हे प्रत्येक गावच्या ऑफिसात होत नाही. ऑस्लो, बर्गन, स्टावांगर अशा मोठ्या शहरांत परदेशी कामगारांसाठी एकत्र सेंटर आहेत, तिथं वेळ घेऊन जा. म्हणजे ऑस्लोत उतरलीस की पहिले दोनचार दिवस हे उरक, राजवाडा, ऑपेरा हाउसच्या छतावरून चालणं, विगेलंडचे पुतळे, हे सगळं फुकट आहे आणि अपॉइंटमेंटच्या मधल्या वेळात आरामात होतं.

बाबांना सांग, एकटी मुलगी ट्रेननं, बसनं, डोंगरात फिरते हे इथे कोणी वळूनही बघत नाही. इथे भीती माणसांपेक्षा हवेची जास्त. तंबूचं म्हणशील तर नियम साधे आहेत, १९५७ चा कायदा आहे, मोकळ्या रानात कोणालाही तंबू टाकता येतो, फक्त राहत्या घरापासून किंवा केबिनपासून १५० मीटर लांब आणि एका जागी दोन रात्रींच्या वर नको, उंच डोंगरात किंवा वस्तीपासून फार लांब असशील तर जास्त चालतं. शेतात, पेरलेल्या गवतात बिलकुल नाही, कोणाचं तरी पीक असतं ते, तू स्वतःच शेतावर कामाला निघालीयस तर तुला वेगळं सांगायला नको. आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी बंद. गॅसचा छोटा स्टोव्ह जपून वापरलेला चालतो, पण सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत, इथेच खेळाच्या दुकानात घे.

पावागड_पायी

ताई, यादी बघून घाम फुटला. जूनच्या सुरुवातीला ट्रोलटुंगा काढून टाक आधी. येऊन जाऊन वीसेक किलोमीटर वरच्या पार्किंगपासून, आणि खालच्या शेगेडालपासून निघालं तर २७, आणि त्या दिवसांत वरच्या पठारावर बर्फ बऱ्यापैकी असतो. कडक बर्फ नाही, दुपारी मऊ होणारा, पाय मांडीपर्यंत आत जातो आणि खाली ओढ्याचं पाणी वाहत असतं ते दिसत नाही. बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय म्हणतेस तर पहिली ओळख तिथे नको.

प्रेइकेस्टोलेन चालेल, तो कमी उंचीवर आहे, कडा फ्योर्डपासून ६०४ मीटर वर, येऊन जाऊन ८ किलोमीटर, शेर्पांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या आहेत बऱ्याच ठिकाणी, पावागड चढणाऱ्याला काही नाही. पण तो स्टावांगरकडे, म्हणजे पार दक्षिणेला, तुझ्या शेताच्या उलट दिशेला. एका फोटोसाठी जाण्यायेण्यात किती पैसे जातील ते बघ. मी म्हणेन बर्गनला फ्लोयेन चालत चढ, ३२० मीटर, गावातूनच वाट सुटते, फ्युनिक्युलरचं (दोरानं ओढतात त्या डोंगरगाडीचं) तिकीट वाचतं, वरून सगळं बंदर दिसतं.

इथल्या लोकांच्या डोंगरनियमांत एक आहे, वेळेत मागे फिरायची लाज नको. आपल्याकडे ग्रुप ट्रेकला मागे फिरणाऱ्याला चिडवतात, तिथं नाही. हवामानासाठी यर नावाचं अ‍ॅप टाक फोनमध्ये, हवामान खातं आणि सरकारी टीव्ही मिळून चालवतात, तासातासाचं सांगतं. ॲम्ब्युलन्स ११३, पोलीस ११२, फायर ११०.

रेल्वेवेडा_प्रतापनगर

तुम्ही सगळे मिळून पोरीला घाबरवताय राव. जून म्हणजे नॉर्वेचा सगळ्यात भारी महिना आणि तुम्ही तिला ऑस्लोच्या ऑफिसांत रांगेत उभं करताय.

माझं ऐक. उत्तरेला जा. ऑस्लोहून ट्रेननं त्रोन्हाइम, तिथून नॉर्दलान्सबानेन धर बोडोपर्यंत, ७२९ किलोमीटर, दहा तासांच्या आसपास, वाटेत साल्टफ्येलच्या पठारावर आर्क्टिक सर्कल ओलांडते गाडी, खिडकीतून दगडाचे खांब दिसतात. त्या पठारावर झाड नाही, घर नाही, नुसतं पिवळं गवत आणि बर्फाचे पट्टे. ही लाइन बोडोपर्यंत पुरी व्हायला १९६२ उजाडलं. आणि बोडोला जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. हे तुला ऑगस्टमध्ये परत मिळणार नाही. आपण डभोई मियागामवाली माणसं, १८६२ मध्ये आपल्याकडे नॅरो गेजवर बैल गाडी ओढत होते, आपल्या रक्तात रेल्वे आहे, विमानबिमान नको.

परत येताना त्रोन्हाइमवरून खाली डोंबोस, तिथून राउमाबानेन ऑन्दाल्सनेसपर्यंत, ११४ किलोमीटरची छोटी लाइन, पण ट्रोलवेगेनचा तो उभा कातळ आणि चिलिंग ब्रिज बघशील तर फ्लोमची ट्रेन विसरशील, आणि तिकीट पण त्याच्यापेक्षा बरंच स्वस्त. ऑन्दाल्सनेस म्हणजे तुझ्या वाल्डालच्या डोंगरापलीकडचं गाव. मध्ये ट्रोल्स्टिगेनचा घाट, ११ वळणांचा. झालं की, उत्तर पण झाली आणि कामाच्या दारात पण उतरलीस. कोण म्हणतं जमत नाही?

वाडीची_लेक_ऑस्लोत

@रेल्वेवेडा, भाऊ कागदावर जमतं. तिकिटांचे पैसे कोण देणार? आधी बुक केलं तर सवलतीचं तिकीट मिळतं, ते खरंच स्वस्त, पण ते सहसा बदलता येत नाही, आणि पोलिसांची तारीख पुढेमागे झाली की सगळं गेलं. शिवाय ट्रोल्स्टिगेन हिवाळ्यात बंद असतो, बर्फ काढून मे जूनमध्ये कधीतरी उघडतो, २०२४ मध्ये तर दरडींमुळे सीझनच्या मध्येच बंद केला होता. त्यावर भरवसा ठेवून प्लॅन करू नये, उघडा असला तर बोनस.

लिअरचा_उन्हाळा

मी ऑस्लोच्या खाली ड्रामेनजवळ लिअरला स्ट्रॉबेरीचा सीझन केलाय म्हणून बोलतो. सगळे प्रवासाचं सांगतायत, कामाचं कोणी सांगत नाही.

ताई, पहिला आठवडा तुझी कंबर तुला शिव्या घालणार. ओळी लांबच्या लांब, मध्ये पेंढा अंथरलेला, तू वाकून किंवा गुडघ्यावर. काम पहाटे चालू होतं कारण फळ गार असताना तोडलं तरच टिकतं, ऊन चढलं की मऊ पडतं आणि बोटांचा डाग बसतो. फळाला धरायचंच नाही, मागचा देठ अंगठा आणि बोटाच्या नखात धरून कट्कन मोडायचा, हिरवी टोपी फळावरच राहिली पाहिजे, आणि ते थेट डबीत ठेवायचं, हातात चार जमवून मग टाकलं की सुपरवायझर लांबून ओरडते. अर्धं पांढरं असेल तर सोडून द्यायचं, उद्या परत याच ओळीत यायचंय. सकाळी दव असतं, गुडघे ओले होतात, म्हणून रेनपॅन्ट चांगली घे, गुडघ्याला पॅड घे, ते गम बूट तिथं मिळतात. काही ठिकाणी आता टेबलासारखं उंचावर लावतात, उभ्यानं तोडायचं, तुझं शेत तसलं असेल तर तू नशीबवान.

म्हणून माझं म्हणणं, कामाला लागायच्या आधी अंग मोडून घेऊ नकोस. पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन लोफोटेन, नॉर्थ केप फिरून थेट ओळीत वाकलीस तर तिसऱ्या दिवशी घरी जावंसं वाटेल. आधी छोटा आणि खालचा प्रवास, म्हणजे फ्योर्ड, बंदरं, ट्रेन. डोंगर आणि उत्तर कामानंतर. का ते सांगतो. ऑगस्टमध्ये वरचा बर्फ गेलेला असतो, ट्रोलटुंगाची वाट पण तेव्हा सरळ असते. खिशात स्वतःचे क्रोन, म्हणजे तिथले पैसे, असतात. बडोद्याहून नेलेले रुपये तिथं पाण्यासारखे जातात, पण तिथं कमावलेले क्रोन तिथं खर्च करताना छातीत दुखत नाही. आणि सप्टेंबर लागला की उत्तरेला रात्री परत काळोख्या होतात, अरोरा (आकाशातला तो रंगीत उजेड) दिसायला लागतो. जूनमध्ये अरोरा कुठून बघणार, रात्रच नाही.

फक्त परमिट कार्डावरची शेवटची तारीख बघ, आणि काम संपल्यावर उरलेल्या दिवसांत राहता येतं का ते यूडीआयला (परमिट देणारं तिथलं सरकारी खातं) लेखी विचारून उत्तर जपून ठेव. कोणा काकाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्या पण नाही.

पगाराचं पण एक. शेतीकामाला तिथं किमान मजुरी कायद्यानं बांधलेली आहे, लेबर इन्स्पेक्शनच्या साइटवर आकडा इंग्रजीत पण असतो, निघायच्या आधी बघून जा. किलोवर पैसे देतात बऱ्याच ठिकाणी, ते ठीक आहे, पण तासाचा हिशोब किमानाच्या खाली जाता कामा नये. ओव्हरटाइमला कमीत कमी ४० टक्के वरती. आणि सुट्टीचे पैसे म्हणून कमाईच्या १०.२ टक्के वेगळे मिळतात, काम सोडताना ते मागून घे, लाजू नकोस, तो तुझाच पगार आहे.

अलकापुरी_बसस्टॉप

ताई मला पण जायचंय, इथे एकजण नॉर्वेच्या स्ट्रॉबेरीची गॅरंटी देतोय, आधी काही लाख भर म्हणतो, ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. खरं असेल का?

लिअरचा_उन्हाळा

पैसे भरू नको भाऊ. नॉर्वेच्या प्रत्येक कंपनीला, शेताला सुद्धा, नऊ आकडी ऑर्गनायझेशन नंबर असतो, ब्रन्नोयसुंडच्या सरकारी रजिस्टरवर तो फुकट शोधता येतो. लेटरवर नंबर नसेल तर तिथंच विषय संपला. असेल तर रजिस्टरमधलं नाव, पत्ता जुळवून शेताच्या खऱ्या ईमेलवर लिही, की हे पत्र तुमचंच का. अर्ज यूडीआयच्या साइटवर स्वतः भरता येतो, फी तिथंच भरतात, कागद व्हीएफएसला (व्हिसाचे कागद घेणारं सेंटर). गॅरंटी नावाची गोष्ट त्यात कुठेच नाही.

रावपुरा_एक्सप्रेस

बापरे, एका रात्रीत एवढं. सगळ्यांना थँक्यू, बाबांना वाचून दाखवलं, १५० मीटर आणि दोन रात्रींचा नियम ऐकून ते जरा शांत झाले, कायदा आहे म्हटल्यावर त्यांना पटतं.

लिअरवाल्या दादांचं कामाचं वाचून पोटात गोळा आला पण बरं झालं आधी कळलं. तर आता असं ठरवतेय, ऑस्लोत पोलीस आणि टॅक्सचं काम, मग ट्रेननं बर्गन, मग बर्गनहून वर वाल्डालपर्यंत कसंही. लोफोटेन, ट्रोलटुंगा सप्टेंबरवर ढकलते. नॉर्थ केप आईसाठी यादीत होता, काढला. पण रेल्वेवेडा काका, मध्यरात्रीचा सूर्य मनातून जात नाहीये हो.

बर्गन ते वाल्डाल कसं जायचं? आणि खायचं काय करायचं, चिवडा, थेपले, भाकरवडी नेतेच आहे, आई तुपाचा डबा पण भरतेय.

वाडीची_लेक_ऑस्लोत

तूप काढ! युरोपच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूप, पेढे, खवा, श्रीखंड काही चालत नाही, विमानतळावर काढून घेतात आणि वर दंडाची भानगड. बटाटे पण नाही. थेपले, कोरडा चिवडा, मसाले, डाळ आण. पीठ, तांदूळ, हिंग सगळं ऑस्लोत ग्रोनलांड भागात मिळतं, दुकानदार बरेचसे पाकिस्तानी, हिंदीत बोलतात आणि भाव पण बाकी दुकानांपेक्षा बरा. वाल्डालसारख्या गावात कोथिंबीर मिळाली तर देव पावला समज, म्हणून सुकं सामान इथूनच भर. ऑस्लोच्या अल्नाब्रूला गुरुद्वारा आहे, एखाद्या दिवशी गरम पोळी खावीशी वाटली तर लंगरला जाऊन ये, डोकं झाकून.

रोजचं खाणं रेमा, किवी, एक्स्ट्रा या दुकानांतून घे, हॉटेलचा विचारच नको. ब्रेड, अंडी, दही, ब्राउन चीज. ते तपकिरी चीज गोडसर लागतं, आपल्या दुधी हलव्याच्या खरवडीसारखं, काहींना पहिल्या घासाला आवडतं, माझ्या नवऱ्याला अजून नाही. ब्रेडवर लावायचं लेव्हरपोस्टाई नावाचं डबीतलं मिळतं त्यावर कधीकधी लहान मुलाचा चेहरा असतो, त्याला बेबी फूड समजू नकोस, ते लिव्हर आहे. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद, शनिवारीच घेऊन ठेव. नळाचं पाणी प्यायचं, बाटली विकत घेणं म्हणजे पैसे फेकणं, आणि घेतलीच कधी तर रिकामी टाकू नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की लहान बाटलीचे २ आणि मोठीचे ३ क्रोन परत मिळतात. रोख पैसे फारसे नको आणूस, सगळीकडे कार्ड चालतं.

पावागड_पायी

बर्गनची ट्रेन १९०९ ची लाइन, साडेसहा सात तासांची. फिन्सेला १२२२ मीटरवर सगळ्यात उंच स्टेशन, जूनमध्येही बाहेर पांढरं असतं, गाडी थांबते तेवढ्यात उतरून पायाखाली बर्फ दाबून बघ, तुझी फ्रीजबाहेरची पहिली ओळख तिथं करून घे, फुकटात. म्यूर्दालला फ्लोमची गाडी लागते, २० किलोमीटरला ते जे पैसे घेतात ते बघून मी तरी चाललो असतो, वाट आहे खाली जायला, उतरायला चार पाच तास, पण जूनच्या सुरुवातीला वरच्या भागात बर्फ आहे का ते आधी विचार.

बर्गनला पाऊस असणारच. नसला तर फोटो काढून इथे टाक, आम्ही फ्रेम करू. कॉटनची जीन्स नेऊ नकोस, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. आतून लोकरीचं पातळ, वरून रेनकोट, बस.

रेल्वेवेडा_प्रतापनगर

बर्गनहून ओलेसुनला बस आहे पण तू बोटीनं जा. १८९३ पासून चालणारी कोस्टल बोट, बर्गन ते किर्केनेस, रशियाच्या सीमेपर्यंत, ३४ बंदरं घेते. पूर्ण प्रवास तुला परवडणार नाही, मलाही नाही, पण बर्गन ते ओलेसुन एवढ्या एका रात्रीच्या टप्प्याचं तिकीट मिळतं आणि केबिन न घेता पण जाता येतं, वरच्या हॉलमध्ये खुर्चीत. रात्री साडेआठच्या सुमारास निघते, सकाळी ओलेसुन. जूनची रात्र, काळोख असा होतच नाही, अकरा वाजता पण डेकवर पेपर वाचता येईल एवढा उजेड. मध्यरात्रीचा सूर्य नाही मिळाला तरी मध्यरात्रीचा उजेड मिळाला, एवढ्यावर तडजोड करतो मी, तुझ्यासाठी.

ओलेसुन १९०४ मध्ये आगीत जवळजवळ सगळं जळलं आणि मग तीनचार वर्षांत आर्ट नूवो या तेव्हाच्या वळणदार नक्षीच्या पद्धतीनं परत बांधलं, त्यामुळे सगळं गाव एका हातानं काढल्यासारखं दिसतं. अक्सला टेकडीच्या पायऱ्या चढ, वरून बघ. तिथून बसनं वाल्डाल, फ्राम नावाची त्या जिल्ह्याची बस आहे, वेळापत्रक एन्टुर अ‍ॅपवर, त्यात देशभरच्या ट्रेन, बस, फेरी एकत्र दिसतात. आणि वाल्डालला पोचल्यावर शेजारीच लिंगेहून आइस्डालला फेरी जाते, पलीकडून रस्ता गैरांगरला उतरतो. सुट्टीच्या दिवशी जा. पायी माणसाला बऱ्याच फेरींवर तिकीट लागत नाही. गैरांगर फ्योर्ड २००५ पासून जागतिक वारशात आहे, लोक क्रूझचे लाखो रुपये भरून बघतात आणि तू तिथं शेजारीण म्हणून जाणार.

सप्टेंबरात उत्तरेला जाशील तेव्हा बोडोची गाडी दिवसाची पकड. रात्रीची पकडलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

शेवउसळ_तिखट

एक शंका, तोडताना किती स्ट्रॉबेरी पोटात जातात, ते पगारातून कापतात का?

लिअरचा_उन्हाळा

कापत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत एवढ्या खाल्ल्या जातात की नंतर वास पण नको होतो. ताई, अजून एक राहिलं, डोळ्यांवर बांधायची पट्टी ने. रात्री खोलीत उजेड येतो, पडदे पातळ असतात, आणि पहाटे चारला उठायचं असतं.

रावपुरा_एक्सप्रेस

पट्टी, गुडघ्याचे पॅड, रेनपॅन्ट यादीत टाकलं. तूप काढलं, आई माझ्याशी बोलत नाहीये. मालकीणबाईंचं उत्तर आत्ताच आलं, पोलिसांची अपॉइंटमेंट ऑस्लोत नाही तर ओलेसुनला मिळतेय, मी पोचल्यानंतरच्या आठवड्यात. म्हणजे बर्गन आधी करून मग ओलेसुन, बोट त्या तारखेच्या आदल्या रात्रीची धरावी का?

वाडीची_लेक_ऑस्लोत

आदल्या रात्रीची नको, त्याच्या आदल्या रात्रीची धर. बोटीला उशीर होतो कधीकधी, आणि रात्रभर खुर्चीत बसून सरळ कार्डाच्या फोटोला गेलीस तर सगळा सीझन तोच चेहरा घेऊन फिरावं लागेल. टॅक्सचं काम मात्र ऑस्लोतच करून घे, आणि जिथं जाशील तिथं पासपोर्टबरोबर नोकरीचा करार प्रिंट करून ने, फोनवर दाखवू नकोस.